शिवणकामाचे पहिले दिवस : अनुभव धागा

शिवण शिकणाऱ्याचा हात नेमका कुठे अडतो, हे त्या वाटेने नुकतेच गेलेला माणूसच नीट सांगू शकतो. म्हणून ज्यांनी अगदी शून्यापासून सुरुवात केली, त्यांनी काय बिघडले आणि ते कशाने सुधारले, हे दोन्ही लिहावे, ही विनंती. सुरुवात मी करते.

पहिला आठवडाभर माझी टीप वरून ठीक दिसे, पण कापड उलटले की खाली दोऱ्याचा पुंजका जमलेला असे. गुंता खाली, म्हणजे दोष बॉबिनचा (मशीनमधल्या खालच्या दोऱ्याच्या रिळाचा), असे धरून मी ती रीळ बसते त्या बॉबिन केसचा स्क्रू कधी घट्ट, कधी सैल करत राहिले आणि मुळात चांगला असलेला ताणही बिघडवून बसले. खरे कारण वरच्या दोऱ्यात होते. मी प्रेशर फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा मशीनचा पाय, खाली टाकून दोरा ओवत होते. तेव्हा ताणाच्या चकत्या मिटलेल्या असतात, दोरा त्यांच्यामध्ये बसत नाही, आणि ताण न मिळालेला हा सैल दोरा कापडाखाली साचत जातो. प्रेशर फूट उचलून दोरा पुन्हा ओवला, शिवताना सुरुवातीला दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरली, आणि पहिली स्वच्छ टीप उमटली. ती चिंधी मी अजून जपून ठेवली आहे.

•

माझी चूक बेततानाच झाली होती. कापड वाचावे म्हणून पायजम्याचा एक पाय उभ्या धाग्यावर, म्हणजे कापडाच्या काठाला समांतर, आणि दुसरा जरा तिरका बेतला. दोन-तीन धुण्यांनंतर तो दुसरा पाय पिळवटून पुढे वळू लागला. उभ्या धाग्यावर कापड सर्वांत कमी ताणते आणि ४५ अंशांच्या उरेबवर, म्हणजे तिरक्या रेषेवर, सर्वांत जास्त, म्हणूनच गळ्याच्या गोलाईला उरेब पट्टी लावतात, हे मला तेव्हा कळले. आता मी दोन्ही पाय उभ्या धाग्यावरच बेततो, तेही सुती कापड भिजवून, वाळवून, इस्त्री करूनच.

•

टी-शर्टचे कापड शिवताना टाके सुटत होते, म्हणजे मधेमधे पडतच नव्हते. गोल टोकाची सुई लावली आणि ते थांबले. साध्या सुती कापडाला मी १४ नंबरची, जीन्सला १६ नंबरची सुई वापरतो.

•

मी साठीनंतर शिकले. बाहीचा गोल मुंढ्यापेक्षा (बाही जिथे जोडतात त्या खांद्याकडच्या गोलापेक्षा) मोठा निघाला, तेव्हा आपले बेतणे चुकले असे समजून मी जास्तीचे कापड कापून टाकले, आणि हात वर केला की बाही खांद्याला ओढू लागली. खांद्याच्या गोलाईसाठी ती वाढ मुद्दामच ठेवलेली असते. दुसऱ्या वेळी बाहीच्या माथ्यावर धावदोऱ्याच्या दोन ओळी घातल्या, दोरा हळूहळू ओढून ती वाढ चुणी न पडू देता पसरवली, कच्च्या टाक्यांनी बाही मुंढ्याला जोडली, अंगात घालून पाहिली आणि मगच मशीनवर टीप मारली. एका बाहीला पूर्ण दुपार लागली. दुसरी मात्र तासाभरात बसली.