फोम रोलरने पाय लवचिक होतात, हे मला पटत नाही

घाटवेडा:
सातारा हिल मॅरेथॉनची तयारी सुरू झाली की यवतेश्वरचा घाट उतरून आलेला जो तो मांडीखाली फोम रोलर, म्हणजे स्नायू दाबायचा फोमचा कडक दंडगोल, घेऊन कण्हत बसतो. करा, पण त्याने स्नायू लांब होतो असं म्हणू नका. दाबामुळे ताण सोसायची तयारी वाढते, म्हणून पाय थोडा जास्त वाकतो आणि अर्ध्या तासात पुन्हा जैसे थे. मांडीच्या बाहेरच्या चिवट पट्ट्याचं तर विचारूच नका. २००८ साली संशोधकांनी गणिती मॉडेल मांडलं होतं. तो पट्टा एक टक्का दाबायलाही माणसाच्या आवाक्याबाहेरचा जोर लागतो. हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचे स्नायू, आखडलेत? मग रोज स्ट्रेचिंग करा.

पोटरीवाली:
अर्धा तास मला पुरतो की! पळायच्या आधी तेवढंच हवं असतं. तेव्हा एकेक स्नायू मिनिटाहून जास्त वेळ ताणून धरला तर उलट जोर थोडा कमी पडतो. रोलरचा तसा त्रास नाही. शिवाय २०२२च्या एका संशोधन-आढाव्यात चार आठवड्यांहून जास्त काळ नियमित रोलिंग केलेल्यांची लवचिकता वाढलेली दिसली. आणि स्ट्रेचिंगनेही पहिले काही आठवडे बहुतेक ताण सोसायची तयारीच वाढते, ते का नाही सांगितलंत?

घाटवेडा:
ताई, तोच आढावा पुढे वाचा. फायदा खुबा आणि गुडघ्यात दिसला, घोट्यात, म्हणजे पोटरीच्या बाबतीत, नाही. आणि तुम्ही नाव घेतलंय पोटरीवाली!

पोटरीवाली:
म्हणूनच पोटरीसाठी पायरीवर उभी राहून टाच खाली सोडते. रोलर मांडीपुरता. तुम्ही सरसकट मोडीत काढताय, भांडण त्याचं आहे.

लोखंडप्रेमी:
दोघंही वजनं विसरलात. पूर्ण वाकून केलेलं रोमानियन डेडलिफ्ट (हातात वजन धरून कंबरेतून वाकायचं आणि उठायचं) हॅमस्ट्रिंगला ताणतंही आणि बळही देतं. २०२१च्या आढाव्यात लवचिकतेच्या बाबतीत व्यायामाची वजनं आणि स्ट्रेचिंग यांच्यात ठळक फरक निघाला नव्हता.

घाटवेडा:
हे मान्य. पण नवख्याच्या हातात थेट बार देणार का? पाठीची वाट लागेल.

लोखंडप्रेमी:
हलक्या डंबेलने सुरू करू दे की. रोलरवर पंधरा मिनिटं कण्हायला वेळ आहे ना!

पोटरीवाली:
पंधरा कोण करतं? एका मांडीला मिनिटभर, झालं. मांडीच्या मागून पावलापर्यंत मुंग्या येत असतील तर मात्र रोलर, स्ट्रेच, डंबेल सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा.