जबड्यात टायटॅनियमची प्लेट आहे, थंडीत ठणकते. गंजत असेल का?

सावदा_रिवायंडिंग
राम राम मंडळी. वय ४६, सावद्याला मोटार रिवायंडिंगचं दुकान. वीस वर्षं पुडी खाल्ली. गालात पुडी नसली की कॉइलचे वेढे मोजताना चुकायचो, इतकी सवय. दीड वर्षापूर्वी तोंडाच्या कॅन्सरचं मुंबईला ऑपरेशन झालं. डावीकडचा खालचा जबडा काढला, पायातलं बारीक हाड तिथे बसवलं आणि टायटॅनियमच्या प्लेटने आवळलं. मग लाईटचे, म्हणजे रेडिएशनचे, तीस शेक.

सबमर्सिबल उघडली की दोन धातू भिडतात तिथे पाणी कसं खातं ते मी रोज बघतो. ॲल्युमिनियमला लोखंडी नट, की झाली पांढरी भुकटी. माझ्या उजव्या दाढेत जुनी चांदी भरलेली, डावीकडे टायटॅनियम, मध्ये लाळ. म्हणजे सेलच तयार झाला की! लाळ आता उरलीय किती, ते सोडा.

दुसरं, उद्या एमआरआय काढायची वेळ आली तर प्लेट ओढली जाईल का? जुन्या स्पीकरचं चुंबक गालाला लावून बघितलं, चिकटलं नाही. पण ते मशीन म्हणजे स्पीकर नव्हे. तिसरं, डिसेंबरपासून पहाटे ठणका लागतो. आणि त्या हाडावर पक्के दात बसतील का?

अजून एक. रात्री जीभ सारखी त्याच जागेवर जाते. मग टॉर्च घेऊन आरशासमोर उभा राहतो, एक-दोन वाजतात. बायको म्हणते, तुम्ही घरातले सेल संपवले. हे सगळ्यांना होतं का? नसेल होत तर राहू द्या.

धुळे_डेंटल_लॅब
काय भो, गालाला चुंबक! पण शंका बरोबर काढलीत. दोन धातू आणि लाळ म्हटलं की बारीक करंट निघू शकतो. टायटॅनियम मात्र हवा लागताच स्वतःवर ऑक्साइडचा थर चढवतं, अवघा काही नॅनोमीटरचा. ओरखडा पडला तरी तो लगेच पुन्हा धरतो. लोखंडाच्या गंजासारखे पापुद्रे सुटत नाहीत. म्हणून तो सेल जोर धरत नाही.

स्टीलची पट्टी हाडाच्या दहापट ताठ असते, टायटॅनियम साधारण त्याच्या निम्मं. फार ताठ पट्टी सगळा भार स्वतःच उचलते, मग बिनकामाचं हाड बसून बसून झिजतं. आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. स्वीडनचे ब्रोनेमार्क १९५० च्या दशकात सशाच्या पायात टायटॅनियमचं नळकांडं बसवून आत रक्त कसं वाहतं ते बघत होते. काम झाल्यावर नळकांडं निघेना, हाडाने धरून ठेवलेलं. त्यातूनच १९६५ मध्ये पहिल्या माणसाच्या जबड्यात दातांचे स्क्रू बसले.

ठणक्याचा आळ प्लेटवर घेऊ नका. टायटॅनियम उष्णता वाहून नेतं तांब्याच्या जेमतेम विसाव्या हिश्श्याने. ठणका बहुधा कापलेल्या नसांचा आणि आखडलेल्या चामडीचा असतो. पण सूज आली, पू आला किंवा प्लेट उघडी दिसली तर त्याच आठवड्यात सर्जनकडे जा. एमआरआयला टायटॅनियम ओढलं जात नाही, फक्त आधी सांगा, कारण प्लेटजवळचं चित्र फिसकटतं.

दातांची घाई करू नका. शेक बसलेल्या हाडात रक्त कमी फिरतं. तिथे भोक पाडलं किंवा साधी दाढ उपटली तरी जखम न भरता हाड मरू शकतं. कुठे किती ग्रे (शेकाचं माप) दिले त्याचा कागद सांभाळा आणि तो वाचल्याशिवाय कुणालाही तोंडात पक्कड घालू देऊ नका.

अमळनेरची_वहिनी
भाऊ, तीन प्रश्न धातूचे बिनधास्त विचारले आणि चौथा दाराआडून.

होतं. आमच्याकडे टॉर्च नव्हती, चमचा होता. जेवण झालं की आमचे हे स्टीलच्या चमच्याच्या पाठीत तोंड बघायचे. तपासणीची तारीख आली की आठ दिवस आधीपासून घरात बोलायची सोय नाही. आजार उलटेल ही भीती, तिच्यावर जगभर संशोधन झालंय, ती मोजायच्या प्रश्नावल्या आहेत. मला हे कळलं तेव्हा आधी राग आला, मग हायसं वाटलं. तपासणीला एका बाईंनी विचारलं, शून्य ते दहामध्ये मनाला त्रास किती? हे म्हणाले दोन. मी मागून आठ बोटं दाखवली. चार किंवा त्याच्या वर गेलं तर बोलायलाच हवं, असं त्या म्हणाल्या.

आम्ही ठरवून घेतलं. रविवारी सकाळी, अंगणात, उजेडात, एकदाच बघायचं, आणि बघणार मी. दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली की गाडी पकडायची. मधल्या दिवसांत चमचा माझ्या ताब्यात. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन फुकट लागतो, मराठीत बोलतात. यांनी पहिल्यांदा गोठ्यात जाऊन लावला, मला कळू नये म्हणून.

आणि भरीत पार्टीला जाता का? आमचे दोन हिवाळे गेले नाहीत.

चोपडा_लॅबवाला
थोडक्यात सांगतो. मानेवर शेक बसले असतील तर टीएसएच तपासा. थायरॉइड मंदावतं, कधी वर्षा-दोन वर्षांनी. मग थंडी जास्त वाजते, अंग जड पडतं, मन उदास राहतं आणि माणूस समजतो आपणच खचलो. साधी रक्ततपासणी आहे. तोंड किती उघडतं?

सावदा_रिवायंडिंग
आइस्क्रीमच्या काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला सांगितल्यात. दिवाळीत नऊ बसायच्या, काल बारा बसल्या. बारावीला डोळ्यांत पाणी आलं, पण बसली.

टीएसएच सोमवारी देतो. टॉर्च बायकोकडे दिली, तिने पिठाच्या डब्यात ठेवली. मला दिसलं.

वहिनी, यंदा पार्टी आमच्याच मळ्यात होती. पऱ्हाट्यांवर वांगी भाजली तोपर्यंत मी तिथेच होतो, मग मोटारीचा फोन आला असं सांगून निघालो. फोन आलाच नव्हता. हिरवी मिरची जिभेला लागली तरी आग होते, आणि डावीकडून गळतं ते रुमालाने पुसताना पोरं बघतात. पुतणीने नंतर डब्यात भरीत पाठवलं. मिरची न घालता, वर दही. कळण्याची भाकरी दुधात भिजवून. दुकानाचं शटर अर्धं ओढून खाल्लं.

बाकी ते ससा प्रकरण माझ्या पोऱ्याला सांगितलं, तर म्हणतो, नळकांडं सोडा, त्या सशाचं काय झालं?