नारा (जपान) च्या हरणांच्या पार्कात आई आणि लहान मुलीला घेऊन जायचंय, हरणं खरंच अंगावर येतात का?

केळीवाला_रावेर
मंडळी नमस्कार. माझा मेहुणा ओसाकाला नोकरीला आहे, दोन वर्षं झाली या या म्हणतोय, यंदा दिवाळीच्या सुट्टीत जायचं जवळजवळ पक्कं झालंय. मी, मिसेस, मुलगी सात वर्षांची आणि आई ६८ ची. व्हिसा तिकीट सगळं मेहुणा बघतोय, माझा प्रश्न वेगळाच आहे. तिथून जवळ नारा म्हणून जुनं शहर आहे, तिथल्या पार्कात हरणं मोकळी फिरतात, माणसांत मिसळतात, मान लववून नमस्कार करतात असे रील बघून पोरीने घर डोक्यावर घेतलंय. आईचं म्हणणं, हरीण म्हणजे देवाचं जनावर, कोरड्या हाताने कसं जायचं, आपले केळीचे वेफर्स नेऊ पाच किलो.

आता माझी गंमत सांगतो. मी या जातीलाच वैतागलेला माणूस. गेल्या रब्बीला रोह्यांनी म्हणजे नीलगायींनी माझा दीड एकर हरभरा घाट्यावर आलेला असताना तीन रात्रीत साफ केला, जागल करून झाली, बांधाला आईच्या आणि मिसेसच्या जुन्या साड्या बांधून झाल्या, तारेत विजेचा झटका देणारं झटका मशीन लावून झालं. रोही काही खरं हरीण नाही म्हणतात पण वावरात शिरलं की आपल्याला सारखंच. मिसेस म्हणते इथे बॅटऱ्या घेऊन हाकलता आणि तिथे पैसे देऊन चारायला जाणार. तर जाऊन आलेल्यांनी सांगा, लहान मूल आणि म्हातारं माणूस सोबत असताना सेफ आहे का, दिवस किती ठेवायचा, आणि वेफर्सचं काय करू.

धुळेकरीण
दादा, आम्ही दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गेलो होतो, सोबत सासूबाई. जा तुम्ही, नक्की जा, पण रीलमध्ये दाखवतात तसं काही नसतं हे आधीच डोक्यात ठेवा.

स्टेशनमधून बाहेर आलो, चढण चढून पाच-सात मिनिटं चाललो तर रस्त्याच्या कडेलाच पहिलं हरीण बसलेलं, रवंथ करत, आपल्या कडे बाजारात गाय बसते तसं. सासूबाईंनी लगेच हात जोडले. मग टपरीवरून ती बिस्किटं घेतली, दहा चकत्यांचा गठ्ठा असतो, कागदाच्या पट्टीने बांधलेला, २०० येन म्हणजे आपले सव्वाशेच्या आत. भाताचा कोंडा आणि गव्हाच्या पिठाची असतात, साखर मीठ काही नाही. मिस्टरांनी एक खाऊन बघितलं, म्हणे तोंडात भुसा भरल्यासारखं वाटतंय. गंमत म्हणजे टपरीवर गठ्ठेच्या गठ्ठे उघड्यावर रचलेले, हरणं शेजारी उभी, पण त्याला तोंड लावत नव्हती. तुम्ही पैसे देऊन गठ्ठा हातात घेतला की मात्र तुमच्या मागे सहा जण.

सासूबाईंनी मान लववली, हरणाने लववली. परत लववली, त्यानेही परत लववली. बाई इतक्या खुश की बोलायची सोय नाही. मग मिस्टर म्हणाले थांब आई फोटो काढू दे, म्हणून त्यांनी बिस्कीट हातात वर धरून ठेवलं आणि फोन काही लवकर उघडेना. तिसऱ्या नमस्काराला हरणाचा पेशन्स संपला आणि त्याने कमरेला स्वेटरसकट असा चिमटा काढला की सासूबाई अहिराणीत काय बोलल्या ते इथे लिहीत नाही. रक्त वगैरे नाही पण वळ आठ दिवस होता.

खरी भानगड पुढे झाली. आमच्याकडे प्लॅस्टिकच्या पिशवीत दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी होती, बाकावर ठेवली, एका हरणाने पिशवीच तोंडात धरली आणि निघालं. आम्ही हसतोय, व्हिडिओ काढतोय, आणि टपरीवरच्या आजी दुकान सोडून अक्षरशः धावत आल्या, हरणाच्या तोंडातून पिशवी ओढून काढली, आमच्या हातात दिली आणि दोन्ही हातांची फुली करून दाखवली, चेहरा एकदम कडक. तेव्हा राग आला थोडा, एवढं काय त्यात. नंतर कळलं म्हातारीचं बरोबर होतं.

वेफर्स बॅगेतच ठेवा, खोलीवर खा. मुलीला जवळ धरून चारू द्या, गठ्ठा तिच्या हातात द्यायचा नाही, एकेक चकती द्यायची, संपलं की दोन्ही पंजे उघडे करून दाखवायचे, त्यांना कळतं. पळायचं नाही, पळालं की तीही मागे येतात.

खानदेशी_झटका
आमना वावरम्हा रोही रातदिन ऱ्हातस, त्यास्ले कोन नमस्कार करस भो 😂 मान लववाले शिकाडा त्यास्ले बी, मंग झटका मशीन इकी टाका.

तापीकाठ
मी सहा वर्षं ओसाकाला होतो, पाहुणा आला की नारा ठरलेलं, त्यामुळे वीसेक वेळा तरी झालं असेल. ओसाकातल्या नाम्बा स्टेशनवरून किंतेत्सु लाइनची गाडी धरा, गाडी बदलायची गरज नाही, चाळीसेक मिनिटात किंतेत्सु नारा, तेच स्टेशन पार्कला जवळ आहे. जेआर म्हणजे जपान रेल्वेचं नारा स्टेशन लांब पडतं, आईंना चालवू नका.

मुख्य गोष्ट, ती हरणं पाळीव नाहीत. कोणाच्या मालकीची नाहीत, दावण नाही, गोठा नाही, गवत आणि ओकची फळं खाऊन जगतात, बिस्कीट म्हणजे त्यांचं चहासोबतचं खारी. १३०० च्या वर आहेत पार्कात. १९५७ पासून सरकारी कायद्याने राष्ट्रीय नैसर्गिक ठेवा आहेत. नमस्कार पण काही संस्कार वगैरे नाही, मान हलवली की खायला मिळतं हे पिढ्यानपिढ्या शिकलीत, आणि वैतागली की पण मान खालीवर करतात, तो नमस्कार नसतो, तो वॉर्निंगचा असतो. धुळेकरीण ताईंच्या सासूबाईंना तिसरा आला तो तसला.

आता तुमच्या तारखा. सप्टेंबर ते नोव्हेंबर नरांचा माजाचा काळ. चिखलात लोळून काळे झालेले असतात, वास मारतात आणि लांब शिट्टीसारखं ओरडतात, पहिल्यांदा ऐकलं तर भूत वाटेल. म्हणून तर तिथे १६७२ पासून शिंगं कापायची पद्धत आहे, ऑक्टोबरात त्याचा सोहळाच असतो, दोर टाकून नर धरतात आणि देवळाचा पुजारी करवतीने शिंग कापतो. वाळलेल्या शिंगात जीव नसतो, नख कापल्यासारखं. त्यामुळे तुम्ही जाल तेव्हा बहुतेक नरांना नुसते खुंट असतील, पण खुंटाची ढुशी पण पोराला आडवं करायला पुरे. मुलीला माद्यांकडे न्या, नराला लांबून बघा. मे महिन्याची सुट्टी बरी असं म्हणाल तर मे ते जुलै पाडसं जन्मतात, तेव्हा माद्या डेंजर. म्हणजे आपल्या शाळांच्या दोन्ही सुट्ट्यांत काही ना काही आहेच, मग दिवाळीच बरी, पानं लाल झालेली असतात.

प्लॅस्टिकचं. २०१९ ला तिथे मेलेल्या १४ हरणांची पोटं तपासली तर ९ जणांच्या पोटात पिशव्या आणि खाऊची पाकिटं निघाली, एकाच्या पोटात ४.३ किलोचा गोळा. आपल्या कडे उकिरड्यावरच्या गायींचं होतं तेच. पिशवीला खाण्याचा वास येतो आणि ते गिळतं, रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातून ते पुढे सरकत नाही, पोट भरल्यासारखं वाटतं आणि जनावर उपाशी मरतं. बिस्किटाची कागदी पट्टी सुद्धा त्यांनी खाल्ली तरी चालेल अशीच बनवतात. तेव्हा वेफर्सचं पाकीट पार्कात उघडायचं सुद्धा नाही. कचरा खिशात घालून परत आणायचा. आणि आई ताजी केळी नेऊ म्हणाल्या तर आत्ताच नाही म्हणा, विमानतळावर काढून घेतात, ताजी फळं चालत नाहीत.

दिवस एक पूर्ण ठेवा, सकाळी आठला पोचा. दहानंतर टूर बसेस लागतात, हरणांचं पोट भरलं की बिस्किटाकडे बघत पण नाहीत. अजून एक, ऑक्टोबरच्या शेवटापासून तिथल्या म्युझियममध्ये शोसोइन म्हणजे तोदाइजी मंदिराच्या जुन्या कोठारातल्या खजिन्याचं प्रदर्शन असतं, त्यामुळे गर्दी, राहायचं असेल तर आधी बुक करा.

अमळनेरचा_मास्तर
छान चर्चा. केळीवाले भाऊ, तुमच्या मातोश्रींना एक सांगा. बुद्धाचं पहिलं प्रवचन सारनाथच्या मृगदावात झालं म्हणून नाराला हरणं असावीत असं पुष्कळांना वाटतं, मलाही वाटायचं. तसं नाही. ती हरणं बुद्धाची नव्हेत, शेजारच्या कासुगा ताइशा या शिंतो (जपानचा मूळ धर्म) देवस्थानची. ७६८ साली ते देऊळ उभं राहिलं, तिथला देव पांढऱ्या हरणावर बसून डोंगरावर आला अशी कथा, म्हणून हरीण देवाचा दूत. एके काळी हरीण मारणाऱ्याला देहदंड होता. आणि इतकं असूनही दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अवघी ७९ शिल्लक होती, भुकेपुढे देव कुठवर टिकणार.

बुद्ध आहे तो तोदाइजी मंदिरात, पार्कातच. काशाची मूर्ती, १५ मीटर उंच. हे चुकवू नका, कारण त्याचा आपल्याशी धागा आहे. ७५२ साली त्या मूर्तीचे डोळे रंगवून प्राणप्रतिष्ठा केली ती बोधिसेन नावाच्या भारतीय भिक्षूने. कुंचल्याला लांब दोऱ्या बांधल्या होत्या आणि जमलेल्यांनी त्या धरल्या होत्या, सगळ्यांचा हात लागावा म्हणून. तापीकाठ म्हणतात त्या शोसोइनच्या खजिन्यात तो कुंचला अजून जपलेला आहे.

वेळ असला तर होर्युजी हे जुनं बौद्ध मंदिर बघा, नाराहून लांब नाही. तिथली भित्तिचित्रं अजिंठ्याच्या जवळची म्हणून अभ्यासक सांगत, १९४९ च्या आगीत जळाली, फार वाईट. आपण जळगावकडची माणसं अजिंठ्याला तासा-दीड तासात पोचतो आणि पाहुणे आले तरच जातो. लेण्यातला तो खांब आठवतोय का, पहिल्या लेण्यातला, चार हरणं आणि डोकं एकच, गाइड बॅटरी मारून दाखवतो? नातीला जपानला नेण्याआधी तो दाखवा, मग तिथली हरणं बघू दे.

केळीवाला_रावेर
बाप रे, एवढं कोणी सांगेल वाटलं नव्हतं. ताई, मास्तर, तापीकाठ भाऊ, सगळ्यांचे आभार. मास्तर, पोरीला या रविवारी लेण्यांना नेतोच.

रात्री जेवताना सगळं वाचून दाखवलं. आई म्हणाली ठीक आहे, वेफर्स नाही नेत. मग थोड्या वेळाने म्हणाली, एवढी हरणं आहेत तर त्या गावच्या वावरांचं काय होतं रे? मी घास हातात घेऊन बसलो, म्हटलं हा प्रश्न मला कसा सुचला नाही. तापीकाठ भाऊ, तिकडे शेती नाही का आजूबाजूला?

तापीकाठ
काकूंना माझा नमस्कार सांगा, सहा वर्षांत मला एकाही पाहुण्याने हे विचारलं नाही.

आहे ना शेती. भात, भाजीपाला, चहा. आणि हरणं रात्री शिरतात, अगदी तुमच्यासारखंच. तिथले शेतकरी कोर्टात गेले होते, की देव तुमचा आणि पीक आमचं का. १९८५ ला तडजोड झाली आणि भाग पाडले. पार्क आणि देवळाच्या भागात हरणाला हात लावायचा नाही, बाहेरच्या भागात नुकसान केलं तर पकडता येतं. मी होतो तेव्हा शेतात पकडलेली हरणं पार्कातल्याच एका कुंपणाच्या आवारात ठेवायचे, परत मोकळी सोडत नव्हते कारण एकदा भाताची चव लागली की ते परत तिथेच जाणार. सगळ्यात बाहेरच्या पट्ट्यात २०१७ पासून मारायची पण परवानगी आहे, ठराविक आकड्यापर्यंत. म्हणजे तेच हरीण, इकडे बिस्कीट खातं आणि डोंगर ओलांडून शेतात उतरलं की सापळा. खेडेगावात जाळीचं उंच कुंपण घरटी दिसेल, विजेच्या तारा पण. साड्या मात्र नाही दिसणार.

धुळेकरीण
दादा, बांधाला साडी नाही बांधत हे सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या मग त्यांच्याकडे जुन्या साड्या नसतील, पाठवून द्या.

केळीवाला_रावेर
😄 आईला वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, तिकडे जागलीला कोण जातं, म्हातारे का तरणे. बुकिंग करतोय, सकाळी आठचं लक्षात ठेवतो. आणि मेहुण्याला सांगितलंय, एक दिवस पार्क झाला की दुसऱ्या दिवशी त्या कुंपणवाल्या खेड्याकडे गाडी काढ, तार कशी ओढतात ते बघायचंय मला.