अनुभव धागा : विद्यापीठाचं खातं, वायफाय आणि ब्राउझर

ईमेल, निकाल, ग्रंथालय, शुल्क, सगळं एकाच पासवर्डावर चालतं. विद्यापीठात संगणक, नेटवर्क किंवा लॅब सांभाळणाऱ्यांनी कामातून कळलेलं इथे लिहा. 'सावध राहा' नको. कुठे बघायचं आणि काय दाबायचं ते हवं.

चावीवाला

पत्ता मागून वाचायचा. 'ग्रंथालय.विद्यापीठ.एज्यु.लॉगिन-तपास.कॉम/निकाल' या पत्त्यात पहिली एकेरी तिरकी रेघ शोधा आणि तिथून डावीकडे या. मालक 'लॉगिन-तपास.कॉम', त्याच्या डावीकडचं सगळं सजावट. मोबाइलवर पत्ता अर्धाच दिसतो, म्हणून दुव्यावर बोट दाबून धरा. कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की वाटेत कोणी वाचत नाही. पलीकडे चोर बसलाय का, ते नाही. पासवर्ड मॅनेजर (पासवर्ड साठवून ठेवणारं अ‍ॅप) नेहमीच्या पानावर आपोआप भरतो आणि आज भरत नाही? हाताने चिकटवू नका, आधी पत्ता तपासा.

टपालघर

खातं गेलं की लोक पासवर्ड बदलतात आणि हुश्श करतात. अर्धंच काम झालं. चोर आत शिरला की बहुतेकदा आधी मेलचे नियम लावतो : ठरावीक शब्दांची पत्रं थेट कचऱ्यात, किंवा प्रत्येक पत्राची प्रत बाहेर. तुमच्या नावाने वर्गभर मेल जातात, 'हे तूच पाठवलंस का?' अशी उत्तरंही येतात, पण तुम्हाला एकही दिसत नाही.

क्रम असा : स्वच्छ यंत्रावरून पासवर्ड बदला, सगळ्या यंत्रांवरून साइन आउट करा, मग फिल्टर आणि फॉरवर्डिंग उघडून अनोळखी नियम काढा. रिकव्हरीचा फोन नंबर आणि ईमेल आपलाच आहे ना? दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीत परकं यंत्र नोंदवलेलं नाही ना? शेवटी परवानगी दिलेली अ‍ॅप्स. पासवर्ड बदलला तरी तिथली परवानगी टिकून राहू शकते, म्हणून ती वेगळी रद्द करायची.

रेंजवाली

एज्युरोम (विद्यापीठांचं सामायिक वायफाय) जोडताना सर्टिफिकेट तपासणी, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे का ते पाहणं, बंद ठेवणं ही सर्रास होणारी चूक. त्याच नावाचं वायफाय कोणीही उभं करू शकतो, आणि तपासणी नसेल तर फोन आपणहून लॉगिनची देवाणघेवाण सुरू करतो. त्यात बरेचदा एमएस-चॅप-व्ही2 ही पासवर्ड पडताळायची जुनी पद्धत असते. ती फोडायला डीईएस या जुन्या कूटपद्धतीची 56 बिटांची एकच किल्ली शोधावी लागते, हे 2012 मध्येच दाखवून झालंय. अँड्रॉइड 11 नंतरच्या अनेक फोनांतून 'तपासू नका' हा पर्यायच काढला आहे. तिथे 'सिस्टिम सर्टिफिकेट' निवडा आणि डोमेनच्या रकान्यात संगणक विभागाने दिलेलं सर्व्हरचं नाव भरा. विभाग सेटअपचं अ‍ॅप देत असेल तर तेच वापरा, हाताने भरायची कटकट नको.

फाटकवाला

@रेंजवाली, पुरवणी : विद्यापीठाचं व्हीपीएन (बाहेरून विद्यापीठाच्या नेटवर्कात नेणारी सुरक्षित वाट) घरून जर्नल्स उघडायला उत्तम, पण नकली लॉगिन पानावर पासवर्ड टाकलात तर ते काहीच अडवणार नाही.

लॅब नं. 3

लॅबच्या संगणकावर इन्कॉग्निटो (इतिहास न ठेवणारी ब्राउझरची खिडकी) वापरता? तिच्या सगळ्या खिडक्यांचं सत्र एकच असतं. एक जरी मागे उघडी राहिली तरी तुमचं लॉगिन जिवंत. उतरवलेल्या फाइली तर डाउनलोड्समध्ये राहतातच. दोन मिनिटांसाठी उठताना विंडोज आणि एल एकदम दाबा.

पेनड्राइव्हमधलं सगळं अचानक शॉर्टकट झालं तर त्यावर डबल क्लिक करू नका, त्यानेच व्हायरस चालू होतो. फाइली बहुधा शाबूत असतात, फक्त लपवलेल्या. आधी स्कॅन, मग व्ह्यू मेनूतून 'हिडन आयटम्स'. तिथेच 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'ही चालू करा, नाहीतर 'निकाल.पीडीएफ.ईएक्सई' हा प्रोग्राम नुसतं 'निकाल.पीडीएफ' दिसतं.

सहा_आकडे

दुसऱ्या टप्प्याच्या पडताळणीसाठी अ‍ॅपमध्ये दिसणारा सहा आकडी कोड साधारण 30 सेकंदांत बदलतो, पण नकली पान तो तेवढ्यात पुढे सरकवतं. पासकी (पासवर्डाऐवजी यंत्रात साठवलेली लॉगिनची किल्ली) खऱ्या डोमेनलाच, म्हणजे खऱ्या साइटच्या पत्त्यालाच, बांधलेली असते, त्यामुळे तिथे ही चाल चालत नाही. आणि फोन बदलण्यापूर्वी बॅकअप कोड (फोन नसताना आत जाण्याचे राखीव कोड) कागदावर उतरवा. जुना फोन पुसून झाल्यावर आमच्याकडे येणाऱ्यांची रांग परीक्षेच्या आदल्या दिवशी सर्वांत लांब असते.