भयपटाचा ट्रेलर: कोणते संकेत पाळू, कोणते मोडू?

प्रश्न
नागपूरला जनसंवादच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्प म्हणून दीड मिनिटाचा ट्रेलर करायचाय, सोबत चित्रपटप्रकाराचे संकेत कुठे पाळले, कुठे मोडले याचं टिपण. आम्ही चौघं भयपट करून राहिलो. महाल भागातला एक जुना वाडा मिळतोय. मध्यरात्र, कंदील, पांढरी साडी असं ठरलंय. चित्रीकरण मोबाइलवरच. मॅडम म्हणतात, हे सगळं पाहिलेलं आहे. पण हेच काढलं तर भयपट आहे हे कळेल कसं? सांगा ना जी.

प्रतिसाद १
वाडा ठेवा, रात्र काढा.

भयपट ओळखू येतो तो मांडणीवरून. सुरुवातीला साधं घर, मग काहीतरी खटकतं, कट हळूहळू आखूड होत जातात, पडदा काळा, शांतता, शीर्षक आणि त्यानंतर एक शेवटचा दचका. हे सगळं पाळा. भूत पूर्ण दाखवू नका.

वेळ मात्र दुपारी बाराची घ्या. भर दुपारी चिंचेखाली जाऊ नको, हे आपल्या आज्या सांगतच आल्यात. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास असतो तेव्हा गल्ल्या ओस पडतात, तसा सन्नाटा सेट लावूनही मिळत नाही. शिवाय मोबाइलवर रात्रीचं चित्र दाणेदार येतं. उन्हातल्या अंगणावर एक्सपोजर (फोन किती उजेड घेतो ते) लॉक करा, म्हणजे आतल्या खोलीचं दार आपोआप काळंठिक्कर दिसेल. लॉक केलं नाही तर फोन स्वतःच उजेड वाढवतो आणि सगळी भीती जाते.

आणि आवाज! पहिल्या दृश्यापासून कूलरची घरघर असू द्या. मग वीज जाते, कूलर थांबतो. ती शांतता नागपूरच्या माणसाला लगेच कळते. फक्त कूलर वेगळा रेकॉर्ड करा. संवाद घेताना तो बंदच हवा, नंतर ती घरघर नीट काढता येत नाही.

प्रतिसाद २
दुपारला माझा पाठिंबा. पांढरी साडी मात्र नक्की काढा. त्या भीतीमागे विधवेला अशुभ मानणारी नजर आहे, टिपणात हेच कारण लिहा.

कुणीतरी मारबतही सुचवेल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत निघणारी काळी मारबत, म्हणजे तो मोठा पुतळा, पडद्यावर जबरदस्त दिसेल, पण ती इडापीडा घेऊन जाणारी. तिलाच भूत केलंत तर इथल्या प्रेक्षकाला ते पटणार नाही.

प्रश्नकर्ती
कूलरचं डोक्यातच आलं नव्हतं! संवाद किती ठेवू?

प्रतिसाद १
एक वाक्यही पुरे. आई म्हणते, "बाहेर जाऊ नको, ऊन लागेल." सुरुवातीला ते साधं वाटू द्या, नंतर तेच वाक्य त्या काळ्या दारावर ऐकवा. संगीत गाजलेल्या सिनेमाचं उचलू नका. यूट्यूबवर टाकल्यावर कॉपीराइटचा दावा येऊ शकतो, आणि तुमच्या ट्रेलरला त्याची गरजही नाही.