मदत हवी आहे: केमोनंतर आईचं ऑपरेशन, स्कोअरवर किती विसंबावं?

नमस्कार मंडळी,

आई ५४ वर्षांची, तासगावजवळ राहते. उजव्या स्तनात कॅन्सरची ४ सेंमीची गाठ, काखेतली एक लसिकागाठही बाधित, हर-टू पॉझिटिव्ह (पेशींवर हर-टू नावाचं प्रथिन जास्त असलेला प्रकार). ट्रास्टुझुमॅबसकट (हर-टूवरचं औषध) सहा केमो गेल्या आठवड्यात संपल्या. कॅलेंडरवरच्या प्रत्येक तारखेवर तिने स्वतः लाल फुली मारली. आता गाठ हाताला लागत नाही. तरी अंघोळ झाली की चाचपत बसते आणि मला हाक मारते, "बघ गं, आहे का अजून?" एमआरआयमध्ये साधारण १ सेंमी उरलंय.

सर्जन म्हणतात, गाठीपुरतं ऑपरेशन करून नंतर रेडिएशन देता येईल. त्यांनी कॉम्प्युटरवर एमडी अँडरसन या अमेरिकेतल्या कॅन्सर हॉस्पिटलचा इंडेक्स, म्हणजे धोक्याचा स्कोअर, काढून दाखवला. चार गोष्टी, प्रत्येकीला एक गुण: काखेतला आजार पुढच्या टप्प्याचा (एन२, एन३), उरलेली गाठ २ सेंमीपेक्षा मोठी, उरलेला आजार ठिकठिकाणी विखुरलेला, आणि रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत शिरलेल्या पेशी. गुण वाढतील तसा त्याच बाजूला आजार उलटण्याचा धोका वाढतो. आईचा शून्य आला. घरात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

रात्री वाचत बसले आणि अडकले. किती उरलंय, विखुरलंय का, हे नक्की कळतं ते काढलेला भाग पॅथॉलॉजीत तपासल्यावर. मग आजचा शून्य म्हणजे एमआरआयवरून धरलेला अंदाजच ना? काहींची गाठ सगळीकडून आक्रसत जाते, काहींची मधूनमधून विरते आणि बारीक तुकडे मागे राहतात. ते एमआरआयला दिसतीलच असं नाही. शिवाय इंडेक्स २००५ सालचा, ह्यूस्टनच्या पेशंटवरून बांधलेला. तेव्हा ट्रास्टुझुमॅब ऑपरेशनआधी आजच्यासारखं सर्रास देत नव्हते.

आई म्हणते, "एकदाच काय ते काढून टाका." तिला धाकधूक नकोय, आणि रेडिएशनसाठी तीन आठवडे शहरात राहायचं तर द्राक्षं उतरायला आलीत. पण पूर्ण स्तन काढला तरी काखेतली लसिकागाठ बाधित असल्यामुळे रेडिएशन लागू शकतं, हे तिला अजून कुणी नीट सांगितलेलं नाही. मलाही सांगवत नाहीये.

एक रुखरुख आहे. केमोआधी स्तनातल्या गाठीत क्लिप (नंतर जागा ओळखायला धातूची बारीक खूण) घातली, काखेतल्या लसिकागाठीत नाही घातली. आता तीच गाठ सापडेल का? सेंटिनल तपासणीत (काखेतल्या पहिल्या काही लसिकागाठी काढून बघतात ती) किमान तीन लसिकागाठी काढा असं म्हणावं का?

तुमच्या घरी असा स्कोअर धरून निर्णय झाला असेल तर ऑपरेशननंतरचा रिपोर्ट त्याच्याशी जुळला का? काढलेल्या भागाच्या कडेला कॅन्सरच्या पेशी सापडून दुसरं ऑपरेशन करावं लागलं का? मंगळवारी सर्जनकडे जायचंय, त्याआधी कळलं तर फार बरं होईल.