भूकंपाआधी खडकातला ताण बदलतो म्हणतात, पण तो मोजतात कसा?

कातळवेडा
बेसिक शंका आहे, हसू नका. भूकंपावर काहीही वाचायला घेतलं की पहिल्याच परिच्छेदात येतं, प्लेट सरकतात, खडकात ताण साठत जातो आणि एक दिवस फॉल्ट (खडकातली मोठी भेग) सटकतो. इथपर्यंत ठीक. पण हा ताण मोजतात कसा? नेमकं काय, कुठे आणि किती खोल बसवतात? आणि मोजता येतोच तर तो वाढतोय हे बघून आधी सांगता का येत नाही? नुसती लिंक टाकून पळू नका, जरा इस्कटून सांगा.

ड्रिलबिट
ताण थेट दाखवणारं यंत्रच नाहीये मुळात. खडक किती आखडला, किती फाकला हे मोजायचं आणि त्यावरून ताणाचा हिशोब करायचा, सगळा खेळ एवढाच.

आता त्यात दोन वेगळी कामं आहेत आणि लोक नेहमी त्यांची सरमिसळ करतात. एकूण ताण किती, हे एक. त्यासाठी बोअरचा एक तुकडा वरून-खालून पॅकरने (फुगणाऱ्या रबरी बुचाने) बंद करतात आणि पाण्याचा दाब वाढवत नेतात, खडक तडकला की पंप थांबवायचा आणि तडा कुठल्या दाबाला मिटतो ते बघायचं, त्यावरून तिथला सगळ्यात कमी ताण मिळतो. पण हे एकदाच, त्या दिवशीचं रीडिंग. भूकंपासाठी हवा असतो रोजचा बदल, आणि ते दुसरं काम जास्त अवघड. त्याला बोअरहोल स्ट्रेनमीटर लागतो, म्हणजे खडकाचं बारीक आखडणं-फाकणं सतत मोजणारं यंत्र. साधारण २०० मीटर खोल बोअरमध्ये सिलिंडरसारखं यंत्र सोडतात आणि भोवती फुगणारं सिमेंट भरतात, म्हणजे यंत्र खडकाला घट्ट चिकटतं. मग पुढे बराच काळ रेकॉर्डमध्ये त्या सिमेंटचं आणि बोअरचंच सेटल होणं दिसत राहतं :) यंत्र नीट बसलंय का हे कळायची खूण म्हणजे भरती-ओहोटी. समुद्राची नाही हो, चंद्र-सूर्याच्या ओढीने खडकसुद्धा रोज ताणला जातो, त्या लाटा रेकॉर्डमध्ये स्वच्छ आल्या की समजायचं काम झालं.

कातळवेडा
खडकाला भरती?? हे नव्हतं माहीत. मग एवढं बारीक दिसतं तर अडचण कुठेय?

ड्रिलबिट
बारीक दिसतं हीच अडचण. ही यंत्रं एक अब्जांश बदल आरामात पकडतात, म्हणजे १००० किलोमीटरचा दांडा १ मिलिमीटरने आखडला तर तेवढा. खडकाचा कडकपणा ५० गिगापास्कल (पास्कल हे दाबाचं एकक, गिगा म्हणजे अब्ज) धरला तर तो बदल होतो ५० पास्कल ताणाचा. आणि ५ मिलिमीटर पाऊस पडला की जमिनीवर जो भार येतो तोही ५० पास्कलच. म्हणजे पाऊस, हवेचा दाब, शेजारच्या विहिरीचा उपसा, सगळंच त्यात उमटतं, ते वजा करत बसायचं आणि उरेल त्यात फॉल्ट काय म्हणतोय ते शोधायचं.

आणि प्रमाण बघा. १० किलोमीटर खोलीवर वरच्या खडकाचाच दाब २६०-२७० मेगापास्कल (१ मेगा म्हणजे १००० किलो) आणि आपण शोधतोय एखाद-दोन किलोपास्कलचा फरक. हत्तीवर चिमणी बसली की नाही हे हत्तीचं वजन करून ओळखायचं.

एस_वेव्ह
वर चांगलं लिहिलंय, एक भर. दुसरा मार्ग लहरींचा (खडकातून जाणाऱ्या कंपनांचा) आहे आणि मला तो जास्त आवडतो. खडकात बारीक बारीक चिरा असतात, ताण वाढला की मिटतात आणि लहरी जलद जातात, सैल झाला की उलट. कॅलिफोर्नियात पार्कफील्डजवळ सॅन अँड्रियास फॉल्टवर साफॉड नावाचं जे खोल बोअर आहे तिथे फेंगलिन न्यू, पॉल सिल्व्हर वगैरे संशोधक मंडळींनी सुमारे १ किलोमीटर खोल एका बोअरमध्ये लहर सोडणारं यंत्र ठेवलं आणि लगतच्या बोअरमध्ये ऐकणारं. मग सतत तीच लहर, तोच रस्ता, फक्त पोचायला लागणारा वेळ बघत राहायचं. हवेचा दाब वरखाली झाला की हा वेळ बदलायचा, म्हणजे तंत्र चालतंय याचा पुरावा तिथेच मिळाला. त्या काळात जवळपास दोन छोटे भूकंप झाले, एक ३ मॅग्निट्यूडचा आणि एक १ चा. लहरीच्या वेळेत मोठा बदल दिसायला लागला तो पहिल्याच्या साधारण १० तास आधी आणि दुसऱ्याच्या २ तास आधी! २००८ ला नेचर या विज्ञानपत्रिकेत आलं होतं हे.

शंकासुर
झालं, आता कोणीतरी हे व्हॉट्सॅपवर "भूकंप १० तास आधी कळणार" म्हणून फिरवणार. अहो दोन भूकंप, एक जागा, आणि तेही इतके छोटे की १ चा तर कोणाला जाणवतही नाही. त्याच पार्कफील्डला १९६६ नंतरचा मोठा धक्का १९९३ च्या आत येणार म्हणून गाड्याभर यंत्रं लावून ठेवली होती, तो आला २८ सप्टेंबर २००४ ला, ६.० चा. स्ट्रेनमीटर अगदी जवळ होते, चालू होते, आणि आदल्या दिवसांत काहीही ठळक दिसलं नाही. माझ्या मते हा एक रेकॉर्ड बाकी शंभर दाव्यांपेक्षा जास्त बोलतो.

एस_वेव्ह
@शंकासुर, मी कुठे भाकीत म्हणालो? पण ताणाचा हिशोब अगदीच फुकट जातो असंही नाही. मोठा भूकंप झाला की आजूबाजूच्या फॉल्टवर ताण कुठे वाढला कुठे घटला हे गणिताने काढता येतं. तुर्कस्तानात उत्तर अॅनाटोलियन फॉल्टवर १९३९ पासून भूकंप एकेक करत पश्चिमेला सरकत गेले, त्यावरून स्टाइन, बार्का आणि डिटरिच या शास्त्रज्ञांनी १९९७ मध्ये इझमित शहराच्या बाजूला ताण वाढलाय असं दाखवलं होतं, ३० वर्षांत १२ टक्के शक्यता म्हणून. १७ ऑगस्ट १९९९ ला मोठा भूकंप तिथेच झाला.

शंकासुर
ते मान्य. पण १२ टक्के ऐकून कोण घर सोडून बाहेर झोपणारे?

एस_वेव्ह
झोपू नये कोणी. बांधकाम कुठलं आधी पक्कं करायचं हे ठरवायला तो आकडा पुरतो.

कातळवेडा
भारी माहिती, सगळ्यांना धन्यवाद. शेवटचं एक, भूकंप ८-१० किलोमीटर खोल सुरू होतात तर यंत्र तिथेच का नाही ठेवत?

ड्रिलबिट
पैसा आणि उष्णता. साफॉडचं मुख्य बोअर ३ किलोमीटरच्या आसपास गेलं तरी तळाला तापमान १०० अंशांच्या वर, शिवाय खारट पाणी आणि गॅस. २००८ मध्ये तिथे खाली यंत्रं बसवली होती, ती थोड्याच काळात बंद पडली.